मदत हवी आहे: १९९८च्या मारुती ८००ला ब्रेक ऑइल कोणतं टाकू, डॉट ३ की डॉट ४?

नमस्कार मंडळी,

बाबांची १९९८ची मारुती ८०० अजून आमच्या रोजच्या वापरात आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम. गेल्या महिन्यात आईला घेऊन कराडहून चिपळूणला निघालो. कुंभार्ली घाट उतरताना पुढे भरलेला ट्रक होता, त्यामुळे माझा पाय सतत ब्रेकवर. पोफळीच्या अलीकडे एका वळणावर पॅडल एकदम मऊ पडलं. पाय खाली जातोय आणि गाडी काही धरत नाही. भराभर पंपिंग केलं, दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, तेव्हा कुठे डोंगराच्या बाजूला थांबली. पुढच्या चाकांना जळका वास येत होता. अर्ध्या तासाने पॅडल पुन्हा पहिल्यासारखं कडक! आई काही बोलली नाही, पण चिपळूण येईपर्यंत तिने दाराची मूठ सोडली नाही.

घरी येऊन टाकी उघडली तर ऑइल कोऱ्या चहासारखं काळं. शेवटचं कधी बदललं, आठवत नाही. गॅरेजवाले म्हणतात लीकेज कुठेच नाही, डॉट ४ टाकू. पार्टच्या दुकानात सांगितलं, डॉट ५ सगळ्यात वरचं, तेच घ्या. टाकीच्या झाकणावर मात्र डॉट ३ लिहिलंय. कुणाचं ऐकू? डॉट ४ने जुनी रबरं खराब होतील का? आहे त्यातच वरून नवीन ओतलं तर चालेल?

प्रतिसाद:
दादा, वरून ओतू नका, तिथेच खरी गोम आहे. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेलं १४० अंशांनाही उकळू शकतं. डॉट ४चे हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, वाफ दबते आणि पॅडल खाली जातं. गार झालं की सगळं पूर्ववत. तुमचं नेमकं तेच झालं.

डॉट ३ आणि डॉट ४ एकाच जातीची, ग्लायकॉलची. रबरांना डॉट ४ चालतं, घाटात फिरणार असाल तर तेच घ्या. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, त्याला हात लावू नका. डॉट ५.१ मात्र नाव सारखं असलं तरी ग्लायकॉलचंच. बाटली सीलबंद घ्या, गॅरेजमधली अर्धी उघडी नको. चारही चाकांतून जुनं पूर्ण काढायला लावा आणि पुढे दर दोन वर्षांनी बदला. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो. आणि इंजिन चालू ठेवून पॅडल एक मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडरची (पॅडलचा दाब ऑइलला देणारा भाग) रबरंही गेलीत.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. पॅडल खरंच बसत होतं. मास्टर सिलिंडरचं किट बदललं, डॉट ४ भरलं. चाकाजवळच्या निपलला (जुनं ऑइल काढायचं तोंड) पारदर्शक नळी लावून मी स्वतः शेजारी बसलो होतो. आधी काळं, मग बुडबुडे, मग फिकट पिवळं स्वच्छ ऑइल. येत्या रविवारी आधी एकटाच घाट उतरून बघतो, मग आईला नेईन. उतरताना दुसऱ्या गिअरवरच राहू ना?

प्रतिसाद:
हो. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.