सल्ला हवा: अबार्थ पुंटो पुढची वीस वर्षं सांभाळायची आहे

विंचूवाली
माझ्याकडे २०१६ची पांढरी अबार्थ पुंटो (फियाटची जास्त ताकदीची हॅचबॅक) आहे, ६१,००० किमी झालेली. आपल्या रांजणगावात बनलेली, १.४ लिटरचं टी-जेट टर्बो इंजिन, १४५ हॉर्सपॉवर. विकायची नाही. चावी फिरवली की तो घोगरा आवाज ऐकून मुलगा अजून गॅलरीत धावत येतो. त्याच्या हातात ती धडधाकट द्यायची आहे. राहते ठाण्यात, बिल्डिंगखाली स्टिल्ट पार्किंग. दुसरा पर्याय वाईला माहेरी, तिथे पत्र्याची बंद शेड आहे. वर्षाला ४०,०००च्या वर झेपणार नाही. कुठे ठेवू आणि काय काय करून घेऊ?

घाटवेडा
ताई, डोळे झाकून वाई. माझी फियाट पालिओ एस-१० (सचिनच्या सहीची, मोजक्या ५००पैकी एक!) दोन पावसाळे रत्नागिरीत प्लास्टिकच्या कव्हरखाली होती. कव्हर काढलं तर दाराची खालची कड गंजून बोट आरपार. ओल आत कोंडली होती. कव्हर घालायचंच तर सुती.

टर्बो_नाना
अवांतर होईल, पण पुंटो ही स्पोर्ट्स कार नव्हे, हॅचबॅक. आपल्याकडची खरी म्हणजे सॅन स्टॉर्म. गोव्यात बनायची, दोन सीट, उघडं छत, रेनॉचं १.२ इंजिन. बॉडी फायबरची, गंजायचा प्रश्नच नाही. थोडे पैसे घालून ती शोधा, पुढे किंमत तिलाच येईल.

विंचूवाली
नाना, दुसरी नकोय. हीच ठेवायची आहे.

न्यूजर्सीकर
माझी १९९०ची माझदा मियाटा आजही नव्यासारखी आहे. गरम गॅरेज, डीह्युमिडिफायर, बॅटरीला कायम मेंटेनर (ती उतरू न देणारा चार्जर), आणि विमा ठरलेल्या किमतीचा. तुम्हीही छोटं बंद गॅरेज बांधून घ्या.

घाटवेडा
ठाण्यात गॅरेज बांधायला जागा कुठून आणणार? म्हणून तर वाई म्हणतोय.

पाना_बारा
बावीस वर्षं गाड्यांखाली झोपून काम करतोय, म्हणून सांगतो. गाडी उभ्यानं मरते. टायमिंग बेल्टला किलोमीटर नसतील झाले, तरी दर पाच वर्षांनी मी बदलतोच, सोबत वॉटर पंप. हा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनाचं सगळं हेड उघडावं लागतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, दोन वर्षांनी बदला. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉलही पाणी ओढतं. तीच टाकी चार महिने ठेवू नका.
आणि जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद करणं सोडा. ऑइल तापत नाही, एक्झॉस्टमध्ये पाणी साचतं. पंधरवड्यातून एकदा तरी तीसेक किमी चालवा. घाट चढून आलात तर बंद करण्याआधी मिनिटभर तशीच चालू ठेवा, टर्बोला थंड व्हायला वेळ द्या.

सुमेधा_नाशिक
पाना_बारा, +१. गाडी चालती ठेवा. शिवाय शेडमध्ये उंदीर! आमच्या गाडीची इंजिनावरची वायरिंग एका पावसाळ्यात कुरतडून संपवली होती.

घाटवेडा
तंबाखूच्या पुड्या ठेवा, उंदीर फिरकत नाहीत.

सुमेधा_नाशिक
ठेवल्या होत्या. पुड्यांसकट घर केलं.

आप्पा_६२
एवढं करून २०३१ला भंगारातच द्यायची ना? १५ वर्षांचा नियम आहे.

कागदपत्र
आप्पा, तो दिल्लीकडचा वाद. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १५ वर्षांनी फिटनेस करून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच-पाच वर्षं वाढवून मिळते. व्हिंटेज नोंदणी वेगळी. २०२१च्या नियमानुसार गाडी ५० वर्षांहून जुनी लागते, म्हणजे ताईंची २०६६ नंतर. त्यावर रोज फिरताही येत नाही. ताई, सर्व्हिसची बिलं, मूळ इन्व्हॉइस, दोन्ही किल्ल्या एका फाइलीत ठेवा. पुढे गाडीचा इतिहास विचारणारे हेच मागतात.

टर्बो_नाना
रीमॅप करा ताई, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवा, १८० हॉर्सपॉवरपर्यंत सहज जाते. माझ्या फियाट लिनियाला केलंय.

पाना_बारा
नाना, ठेवायच्या गाडीला रीमॅप नको. लिनिया टी-जेटचं इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे इंजिनाचे बरेच भाग मिळतील. हेडलाइट, काच साध्या पुंटो इव्होची. अडचण फक्त अबार्थच्या खास वस्तूंची: विंचवाचे बॅज, पट्टे, १६ इंची अलॉय चाकं. दिसतील तेव्हा घेऊन ठेवा, पाच वर्षांनी मिळायच्या नाहीत.

विंचूवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईशी बोलले, शेड रिकामी करून द्यायला ती तयार आहे. तरी गाडी ठाण्यातच ठेवतेय. वाईला दोन महिन्यांतून एकदा जाणं होतं, तेवढ्यावर ती जगणार नाही. इथे दर रविवारी पहाटे साडेपाचला मुलाला घेऊन मुरबाडमार्गे माळशेज करेन. गंजेल तेवढं दरवर्षी पावसाळ्याआधी खालून घासून अंडरकोटिंग (गंज रोखणारा थर) करून घेईन. बेल्ट आणि पंप याच महिन्यात. रीमॅप नाही.
पुढच्या डाव्या अलॉयला खड्ड्यात बसलेली चीर आहे. कुणाकडे एखादं असेल तर सांगा.

घाटवेडा
वाईच बरी होती ताई. अलॉयचं व्यनि करतो, पुण्यात एकाकडे दोन पडून आहेत.