अंतर भागिले वेग, पण वारा?

एकांनी लंडन-न्यूयॉर्क अंतर साधारण ५,५५० किमी धरलं, ताशी ९०० ने भागून सव्वासहा तास काढले आणि विचारलं, मग तिकिटावर जाताना आठ आणि येताना सात तास का? भागाकार बरोबर आहे हो, त्यात वारा धरलेला नाही इतकंच. उत्तर अटलांटिकवर दहा-बारा किमी उंचीवर जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. हिवाळ्यात ताशी २०० किमीच्याही पुढे जातो. विमानाचे ते ९०० हवेच्या तुलनेत, जमिनीच्या नव्हे; म्हणून न्यूयॉर्ककडे जाताना वारा समोरून अडवतो, लंडनला येताना पाठीमागून ढकलतो. फेब्रुवारी २०२० मध्ये पाठीशी वादळी वारा मिळाला तेव्हा एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं!

शिवाय तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा. धावपट्टीसाठीची रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यात. (कंपन्या थोडा जास्तीचा वेळ धरतातच, म्हणजे उशीर झाला तरी झाकला जातो.)

आणि नकाशावर पट्टी लावून अंतर मोजू नका. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा, तो उत्तरेला झुकून कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरून जातो.