नेक्ससची 'ए' बाजू उठत नाही: लिंक चालू, पिंग चालू, पण एफसीओईचं लॉगिन एकही नाही

कापूसपट्टा_आयटी

नमस्कार मंडळी. पांढरकवड्याच्या बाजूला आमचं जिनिंग-प्रेसिंग आहे, लागूनच सरकीची ऑइल मिल. सर्व्हरची खोली मीच पाहतो. कापसाचा सीझन भरात आहे, म्हणून जरा घाईनं विचारून राहिलो.

मांडणी अशी आहे. सिस्कोचे दोन नेक्सस ५५४८ स्विच, एकाला ए म्हणतो, एकाला बी. तीन व्हीएमवेअर होस्ट (आमची आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, यांच्यावरच चालतात), प्रत्येकात दोन पोर्टचं सीएनए कार्ड (इथरनेट आणि स्टोरेज दोन्ही एकाच पोर्टवरून नेणारं), एक पोर्ट ए ला आणि एक बी ला. स्टोरेजचे दोन कंट्रोलर, तेही दहा गिगच्या एफसीओई पोर्टनेच (एफसीओई म्हणजे इथरनेटवरूनच चालणारं फायबर चॅनल, स्टोरेजचं नेटवर्क) दोन्ही स्विचला जोडलेले. वेगळी फायबर चॅनलची लाइन कुठेच नाही. ए वर व्हीसॅन १० (स्टोरेजचं आभासी नेटवर्क) आणि त्याचा व्हीलॅन १०१० (ते वाहणारं आभासी इथरनेट नेटवर्क), बी वर व्हीसॅन २० आणि व्हीलॅन १०२०. दोन्ही स्विच वेगळ्या यूपीएसवर.

काल दुपारी लाइन गेली, बी च्या यूपीएसची बॅटरी टिकली नाही आणि बी बंद पडला. ए चालूच होता. तरी तिन्ही होस्टचं स्टोरेज गायब! बी परत उठेपर्यंत काट्याचं सॉफ्टवेअर, ग्रेडिंगची नोंद, चुकाऱ्याचा हिशोब, सगळं थांबलं. गेटबाहेर मेटॅडोर आणि बंड्यांची रांग पार रोडपर्यंत गेली. काटापावत्या हातानं लिहून द्याव्या लागल्या. पहाटे घरून निघालेला शेतकरी भर उन्हात बंडीच्या सावलीत बसून राहतो, ते मला पाहवत नाही.

मग होस्टचे लॉग पाहिले, तर ए कडचे सगळे पाथ (स्टोरेजपर्यंतचे रस्ते) आधीच मेलेले होते. सगळा भार एकट्या बी वर चालला होता आणि कोणाला पत्ता नव्हता. ज्या संध्याकाळी बॅकअपचा नवा डबा लागला, त्याच संध्याकाळपासूनचे हे लॉग आहेत. बसवायला बाहेरच्या पार्टीचा इंजिनिअर आला होता. बॅकअपसाठी जंबो फ्रेम (नेहमीच्या १५०० बाइटपेक्षा मोठ्या फ्रेम) पाहिजे म्हणून त्यानं ए वर काही बदल केले. आता तोच माणूस उद्या येऊन तसाच बदल बी वर करणार आहे. येऊ देऊ की थांबवू?

नागपूर_नेटवर्क

भाऊ, आधी फिजिकल बघून घ्या. ट्विनॅक्स केबल नीट बसली आहे का, सीएनएचा फर्मवेअर कोणता, कोणी व्हीएफसी (स्विचमधला आभासी फायबर चॅनल पोर्ट) शटडाऊन करून ठेवलं आहे का. दहापैकी आठ वेळा भानगड केबलमध्येच निघते. 'शो इंटरफेस व्हीएफसी' आणि 'शो फ्लोजी डेटाबेस' (स्टोरेज नेटवर्कवर कोण लॉगिन आहे त्याची यादी) या दोन्हीचं आउटपुट टाका.

कापूसपट्टा_आयटी

केबल सगळ्या पाहिल्या. इथरनेटची लिंक पाचही पोर्टवर हिरवी आहे, होस्टचं मॅनेजमेंट आणि व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) ए वरून व्यवस्थित चालते, पिंगमध्ये एकही ड्रॉप नाही. व्हीएफसी कुठलंच शट नाही, पण व्हीसॅन १० 'इनिशियलायझिंग' वर अडकून आहे. ए वर फ्लोजी डेटाबेस पूर्ण रिकामा. बी वर पाच ओळी आहेत, तीन होस्टच्या आणि दोन स्टोरेजच्या.

आणखी एक फरक दिसला. 'शो इंटरफेस प्रायोरिटी-फ्लो-कंट्रोल' मध्ये बी च्या पाचही पोर्टसमोर 'ऑटो' आणि 'ऑन (८)' लिहून येते. ए वर त्याच जागी 'ऑटो' आणि 'ऑफ'. याचा काही संबंध?

सॅनवाला_दादा

संबंध आहे, सगळा संबंध त्याचाच आहे. उद्याच्या इंजिनिअरला आत्ताच फोन करून थांबवा. बी वरही तसंच झालं, तर हातात असलेला शेवटचा पाथ जाईल आणि सगळे व्हीएम एकाच वेळी बसतील.

आता कारण. तीन होस्ट आणि दोन कंट्रोलर, पाच वेगळी कार्डं, पाच वेगळ्या केबल. ही पाचही एकाच संध्याकाळी खराब होत नाहीत. म्हणजे बिघाड स्विचमध्येच, तोही पूर्ण स्विचला लागू होणाऱ्या कशात तरी. नेक्ससमध्ये अशी जागा म्हणजे 'सिस्टिम क्यूओएस', कोणत्या ट्रॅफिकला कशी वागणूक द्यायची ते पूर्ण स्विचसाठी तिथं ठरते. तिथं नेटवर्क-क्यूओएस प्रकारची एकच पॉलिसी एका वेळी लागते. दुसरी लावली की पहिली निघते. इंटरनेटवर जंबो फ्रेमची जी रेसिपी सगळीकडे सापडते, तिच्यात फक्त क्लास-डिफॉल्टला ९२१६ चा एमटीयू (फ्रेमचा कमाल आकार) दिलेला असतो. साध्या इथरनेटच्या स्विचवर ती बरोबर आहे. तुमच्यासारख्या स्विचवर ती लावली की आधीची एफसीओईची डिफॉल्ट पॉलिसी बाजूला होते आणि तिच्यासोबत क्लास-एफसीओईही जातो.

त्या क्लासमध्ये दोन गोष्टी असतात. एक म्हणजे एमटीयू २१५८, कारण फायबर चॅनलच्या एका फ्रेममध्ये २११२ बाइटपर्यंत डेटा असतो आणि तो १५०० मध्ये मावत नाही. दुसरी 'पॉज नो-ड्रॉप', आणि जीव तिच्यातच आहे. अनेक जण म्हणतात की २१५८ पेक्षा ९२१६ मोठा, मग अडचण कुठे? अडचण आकाराची नाहीच. इथरनेट गर्दी झाली की फ्रेम टाकून देते आणि वरचा टीसीपी ती पुन्हा मागवतो. फायबर चॅनल फ्रेम हरवणार नाही हे धरूनच बनलेलं आहे. म्हणून ८०२.१ क्यूबीबी या स्टँडर्डनं पीएफसी, म्हणजे प्रायोरिटी-फ्लो-कंट्रोल, आणलं. बफर भरत आला की स्विच समोरच्याला सांगतो, फक्त या प्रायोरिटीची ट्रॅफिक क्षणभर थांबव, बाकीची येऊ दे. एफसीओईची प्रायोरिटी डिफॉल्टनं ३. तुम्हाला बी वर दिसलेला ८ तोच आहे. आठ प्रायोरिटींचे आठ बिट, त्यात शून्यापासून मोजलं तर तिसरा बिट पेटलेला, म्हणून किंमत ८.

स्विच हे सगळं सीएनएला डीसीबीएक्सनं (दोन्ही टोकांची सेटिंग जुळवणारा प्रोटोकॉल) कळवतो, जे एलएलडीपीवरून (शेजारच्या उपकरणाला आपली माहिती देणारा प्रोटोकॉल) चालते. स्विचकडे नो-ड्रॉप क्लासच नसला तर पीएफसी ठरत नाही, 'ऑफ' राहतो, आणि व्हीएफसी वर येत नाही. इथरनेटला यातलं काही लागत नाही, म्हणून तुमचं पिंग मस्त चालते आणि माणूस फसतो. कन्व्हर्ज्ड नेटवर्कमध्ये (इथरनेट आणि स्टोरेज एकाच तारेवर) पिंग चालते याचा अर्थ स्टोरेज चालते असा कधीच धरू नका.

खात्रीसाठी ए आणि बी दोन्हीवर 'शो रनिंग-कॉन्फिग आयपीक्यूओएस' घ्या आणि शेजारी ठेवून वाचा. बी वर सिस्टिम क्यूओएसखाली एफसीओई-डिफॉल्ट नावाच्या चार ओळी दिसतील: क्यूओएस इनपुट, क्यूइंग इनपुट, क्यूइंग आउटपुट आणि नेटवर्क-क्यूओएस. ५५०० मालिकेत या चारही तिथं असाव्या लागतात, जुन्या ५०१० आणि ५०२० मध्ये क्लास-एफसीओई आपोआप असायचा. ए वर चौथ्या ओळीत त्या इंजिनिअरच्या पॉलिसीचं नाव असेल.

इलाज म्हणजे दोन्ही क्लास एकाच पॉलिसीत:

पॉलिसी-मॅप टाइप नेटवर्क-क्यूओएस एफसीओई-जंबो
क्लास टाइप नेटवर्क-क्यूओएस क्लास-एफसीओई
पॉज नो-ड्रॉप
एमटीयू २१५८
क्लास टाइप नेटवर्क-क्यूओएस क्लास-डिफॉल्ट
एमटीयू ९२१६
सिस्टिम क्यूओएस
सर्व्हिस-पॉलिसी टाइप नेटवर्क-क्यूओएस एफसीओई-जंबो

बाकीच्या तीन ओळी जागेवर आहेत की नाही तेही बघा, रेसिपी देणारे कधी कधी त्याही पुसतात. लावताना ए वरची इथरनेट ट्रॅफिक क्षणभर हलू शकते, म्हणून काटा बंद झाल्यावर करा.

वर्धा_रोड

दादांनी मूळ सांगितलंच आहे. त्यात दोन गोष्टी जोडतो.

पॉलिसी दुरुस्त करूनही एखादा होस्ट लॉगिन झाला नाही, तर त्या पोर्टचा ट्रंक (एकाच पोर्टवरून अनेक व्हीलॅन नेणारी मांडणी) बघा. एफआयपीची (एफसीओईचं लॉगिन जुळवणारा प्रोटोकॉल) व्हीलॅन शोधणारी पहिली विचारणा नेटिव्ह व्हीलॅनवर, टॅगशिवाय जाते. बॅकअपवाल्यांना अलाउड व्हीलॅनची यादी आखडायची सवय असते. त्यांनी त्यातून नेटिव्ह व्हीलॅन काढला की कार्डाला १०१० चा पत्ताच लागत नाही. उलट बाजूनं, १०१० ला कधी नेटिव्ह करू नका. दोन स्विचमध्ये पीअर-लिंक असेल तर त्यावरून १०१० आणि १०२० जाऊ देऊ नका. ए आणि बी फॅब्रिक एकमेकांना न भेटलेलेच बरे.

दुसरं, चेकपॉइंट घेऊन ठेवू आणि बिघडलं तर रोलबॅक करू, असा विचार असेल तर सोडा. या स्विचवर एफसीओई फीचर चालू असलं की चेकपॉइंट आणि रोलबॅक चालत नाही. हात लावण्याआधी रनिंग कॉन्फिग लॅपटॉपवर उतरवून ठेवा आणि परत फिरायच्या ओळी आधीच लिहून ठेवा. साइट तुमची गावात, नागपूरहून माणूस यायला अर्धा दिवस जातो, म्हणून हे जास्तच पाळा.

कापूसपट्टा_आयटी

दादा, भाऊ, जमलं! इंजिनिअरला काल रात्रीच थांबवलं. ए च्या चौथ्या ओळीत खरंच 'जंबो' नावाची पॉलिसी होती आणि तिच्यात क्लास-डिफॉल्टशिवाय काहीच नव्हतं. क्यूइंगच्या दोन्ही ओळी आणि क्यूओएस इनपुट शाबूत होते.

संध्याकाळी शेवटची मेटॅडोर मोजून गेट लावलं आणि नवी पॉलिसी चढवली. थोड्या वेळातच पीएफसी पाचही पोर्टवर 'ऑन (८)' झालं. फ्लोजी डेटाबेसमध्ये आधी स्टोरेजच्या दोन ओळी आल्या, मग दोन होस्ट. तिसरा होस्ट अडकला होता. वर्धा_रोड भाऊंनी सांगितलं तेच निघालं, त्याच्या ट्रंकमधून व्हीलॅन १ काढलेला होता. तो परत टाकल्यावर पाचवी ओळही आली. होस्टवर प्रत्येक लनचे (स्टोरेजमधल्या आभासी डिस्कचे) ए कडचे पाथ जिवंत दिसून राहिले. बॅकअपच्या डब्याला ८९७२ चा पिंग डीएफ (तुकडे करू नका) लावून जातो, म्हणजे त्याचा जंबोही चालू आहे. त्या पार्टीला जे पाहिजे होतं तेही मिळालं आणि आमचं स्टोरेजही राहिलं.

कॉन्फिग सेव्ह केली आहे. आता बी वर हेच रविवारी करायचं म्हणतो, काटा बंद असतो. चालेल?

सॅनवाला_दादा

चालेल. पण बी ला हात लावण्याच्या अगदी आधी तिन्ही होस्टवर ए कडचे पाथ पुन्हा एकदा डोळ्यानं बघा, आजचं आउटपुट रविवारी धरू नका. एकाही होस्टचा ए पाथ गेलेला दिसला तर बी चं काम त्या दिवशी करायचंच नाही. पॉलिसी चढवल्यावर बी वर पाच लॉगिन परत आले की मग सेव्ह करा, त्याआधी नाही. काही अडलं तर रीबूटनं जुनी कॉन्फिग परत मिळेल एवढी जागा हातात राहते.

आणि व्हीसेंटरमध्ये स्टोरेजचा पाथ कमी झाल्याचा अलार्म असतो, त्याचा मेल किंवा एसएमएस तुमच्या मोबाइलवर येईल असं या आठवड्यातच लावून घ्या. ए मेल्याचं तुम्हाला त्याच संध्याकाळी कळलं असतं, तर ती रांग लागली नसती.