मदत हवी: कॉम्प्युटर सारखा ‘लो ऑन मेमरी’ म्हणतोय, अंक सोमवारी प्रेसला जायचाय

जुळारीण
नमस्कार. घरच्या कॉम्प्युटरवर दर अर्ध्या तासाने चौकट येते, ‘युअर कॉम्प्युटर इज लो ऑन मेमरी’. फायली सेव्ह करा आणि हे प्रोग्रॅम बंद करा. खाली यादी, यादीत कोरलड्रॉ, ज्यात मी जाहिराती लावते, ते पहिलं. ते बंद केलं तर काम काय पाटीवर करू? काल रात्री घाईत चौकटीतलं बटण दाबलं गेलं, कोरल बंद पडलं आणि सात छोट्या जाहिरातींचं पान गेलं. परत बसून लावलं. दिवाळी अंक आहे, १४४ पानं, पहिले चार फर्मे, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचे गठ्ठे, सोमवारी द्यायचेत. मशीन चांगलं आहे, आधी असं कधी झालेलं नाही. लवकर सांगा. ‘फॉरमॅट मारा’ कृपया सांगू नका.

खटपट्या
रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, किती? विंडोज कुठली? आणखी काय काय उघडं असतं? ‘मशीन चांगलं आहे’ यावरून काही कळत नाही.

निवृत्त_बँकवाला
मेमरी भरली आहे. माझंही झालं होतं. नातवाच्या मुंजीचे फोटो आणि व्हिडिओ पेन ड्राइव्हवर टाकले, रीसायकल बिन रिकामी केली, मशीन एकदम हलकं. सी ड्राइव्ह बघा.

जुळारीण
सी वर ६ जीबी उरलेत, डी वर ३०० च्या वर मोकळे आहेत. फोटो नाहीतच, सगळ्या जाहिराती आहेत.

खटपट्या
काका, ती डिस्क, फायली साठवायची जागा. ही चौकट डिस्कची नाही. ताई, रॅम किती ते सांगा.

पेंग्विनप्रेमी
रोगावर इलाज करा, लक्षणावर नको. विंडोज काढून लिनक्स मिंट टाका. माझ्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर लोण्यासारखं चालतं. विंडोज १० असेल तर तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय.

जुळारीण
८ जीबी. विंडोज १०. पेंग्विनप्रेमी, मिंटवर कोरल आणि मराठी टायपिंगचं श्रीलिपी चालतं का? सोमवारच्या आत?

पेंग्विनप्रेमी
कोरलऐवजी इंकस्केप आहे, स्क्रायबस आहे. आठवड्याभरात हात बसतो.

जुळारीण
सोमवार आठवड्याभराने येत नाही, परवा येतो.

शाईचा_डाग
अहो, अजून श्रीलिपी? फाइल दुसऱ्याच्या मशीनवर गेली की ‘क’ च्या जागी भलतंच चिन्ह. युनिकोडवर, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरांवर, या आता. पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये वर्ल्ड रेडी कंपोझर निवडला की जोडाक्षरं नीट पडतात, वेलांट्या उडत नाहीत. आम्ही सगळं मासिक तसंच लावतो.

जुळारीण
लेखक अजूनही जुन्या फॉन्टात टाइप करून पाठवतात, त्याला मी काय करू? आणि मी हे विचारलेलंच नाही.

शाईचा_डाग
विचारलं नाही म्हणूनच सांगितलं.

रॅमदास
८ जीबीत आजकाल काय होतं? एक ब्राउझर आणि चहा. १६ करा, विषय संपवा. फक्त घेण्याआधी डीडीआर३ की डीडीआर४ बघून घ्या, दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते. मी एकदा न बघता आणली आणि अर्धा तास जोर लावत बसलो.

खटपट्या
थांबा, पैसे नंतर खर्च करा. ताई, कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्स, त्यात मेमरी. चौकट येण्याच्या सुमारास दोन आकडे इथे द्या: ‘इन यूज’ आणि ‘कमिटेड’. दुसरा महत्त्वाचा.

सावली
माझ्या मोबाइलवर पण सारखं स्टोरेज फुल येतं, व्हॉट्सॅपमुळे. काय करावं?

निवृत्त_बँकवाला
मुंजीचे फोटो पेन ड्राइव्हवर टाका.

जुळारीण
घ्या आकडे. इन यूज ५.६, म्हणजे ७२ टक्के. कमिटेड ७.५/७.८. उघडं काय होतं: कोरल, पेजमेकर, दोन मोठ्या पीडीएफ आणि ब्राउझरमध्ये वीसेक टॅब, कारण जाहिराती मेलवरून येतात. पण २८ टक्के रॅम रिकामी असताना बोंब कसली मारतोय?

खटपट्या
सापडलं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, कमिटेड म्हणजे तसे धरलेले रुमाल. माणूस अजून बसलेला नाही, पण सीट गेली. प्रोग्रॅम लागेल म्हणून आधीच जागा धरून ठेवतात. सगळ्या सीटवर रुमाल पडले की विंडोज ओरडते, भले गाडी अर्धी रिकामी दिसो. आणि यादीत कोरल पहिलं आलं म्हणजे गुन्हेगार कोरल असं नाही, त्याचे रुमाल जास्त, एवढंच.

आता तो ७.८ चा आकडा बघा. ही मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेज फाइल, म्हणजे डिस्कवरची राखीव जागा. ८ जीबीच्या मशीनवर मर्यादा ७.८ याचा अर्थ पेज फाइल शून्य. विंडोज आपणहून असं करत नाही. कोणी हात लावला होता मशीनला?

जुळारीण
भाचा आला होता गणपतीत. एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवून दिली, १२० जीबीची, जुनी हार्ड डिस्क डी केली. म्हणाला, मावशी, रॉकेट करून देतो. काहीतरी व्हिडिओ बघून बऱ्याच सेटिंग बदलल्या. हे सांगायला हवं होतं का?

खटपट्या
पहिल्या ओळीत.

रॅमदास
भाच्याचं चुकलं नाही. पेज फाइल सतत लिहीत राहते, एसएसडी झिजते. मीही बंदच ठेवतो. १६ जीबी घ्या.

खटपट्या
ही जुनी भीती आहे. विंडोज ७ च्या वेळी, २००९ साली, मायक्रोसॉफ्टच्याच लोकांनी लिहिलं होतं की पेज फाइलमधलं वाचन लिखाणाच्या साधारण ४० पट असतं आणि ती एसएसडीवर ठेवायला योग्यच आहे. तुम्ही १६ जीबीवर बंद ठेवता आणि रुमाल कमी टाकता, म्हणून निभावतं. ताईंनी आज १६ घातली तरी पुढच्या दिवाळीला हाच धागा परत येईल.

निवृत्त_बँकवाला
रॅमच्या दीडपट ठेवावी. एक्सपीपासून हाच नियम आहे.

खटपट्या
काका, विंडोजला तिचं तिला ठरवू द्या. पण एक बाब तुमची बरोबर निघाली: सी वर ६ जीबीच असतील तर फाइल तिथे वाढणार कुठे? म्हणून ताई, तूर्त डी वर ठेवू. जुनी डिस्क हळू चालते, पण पान जाण्यापेक्षा बरं. विंडोज बटण आणि आर, तिथे sysdm.cpl टाइप करा, म्हणजे एस वाय एस डी एम, मग टिंब, मग सी पी एल, आणि एंटर. ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्सच्या सेटिंग्ज, पुन्हा ॲडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरीखाली चेंज. वरची खूण असेल तर काढा, डी निवडा, ‘सिस्टिम मॅनेज्ड साइज’, रीस्टार्ट. शट डाउन नको, त्यात विंडोज अर्धवट झोपते, रीस्टार्टच.

निवृत्त_बँकवाला
शेवटी डिस्कच निघाली ना? पहिल्यांदाच सांगितलं होतं.

जुळारीण
केलं. रीस्टार्ट केलं. कमिटेडपुढे अजून ७.८ च. आता?

खटपट्या
‘सिस्टिम मॅनेज्ड’ निवडल्यावर शेजारचं ‘सेट’ बटण दाबलं का?

जुळारीण
नाही, सरळ ओके दाबलं. सगळीकडे ओकेच दाबतात ना?

खटपट्या
इथे आधी सेट, मग ओके. नाहीतर केलेली निवड ती गिळून टाकते. माझं सांगायचं राहिलं, माफ करा.

पेंग्विनप्रेमी
लिनक्समध्ये असल्या खिडक्याच नाहीत.

शाईचा_डाग
तिथे श्रीलिपीही नाही, म्हणजे एकंदरीत फायदाच.

जुळारीण
झालं! आता ८.९/१२.३ दाखवतोय. आठचा आकडा ओलांडलाय आणि चौकट नाही. दोन तास झाले, कोरल, पीडीएफ, टॅब सगळं उघडं ठेवलंय मुद्दाम. मोठी जाहिरात उघडताना जरा कुरकुरतो, पण पडत नाही. भाच्याला फोन केला, तो म्हणतो व्हिडिओला खूप लाइक होते. सोमवारनंतर सी साफ करून फाइल तिकडे नेते, आणि रॅमदास, दुसरी पट्टी पण घेईन, खाच बघून. खटपट्या, खूप आभार, पेढे बाकी.

रॅमदास
घ्याच.

शाईचा_डाग
अंक कुठला आहे? कविता घेताय का अजून?

जुळारीण
नाही.