व्हेंटिलेटरवरच्या नवजात बाळांसाठी कॅप्नोग्राफ: कोणता घ्यावा आणि त्यावर कितपत विसंबावं?

शांतला
नमस्कार मंडळी. मी एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) सिस्टर आहे. आमच्याकडे श्वासनलिकेत नळी घातलेल्या बाळांसाठी कॅप्नोग्राफ, म्हणजे निःश्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून त्याचा आलेख दाखवणारं मशीन, घ्यायचं घाटतंय. आतापर्यंत सगळी भिस्त ब्लड गॅसवर, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीवर. टाचेला टोचायचं नाहीतर नाळेच्या लाइनमधून रक्त काढायचं, आणि दोन गॅसच्या मधल्या वेळात छाती किती हलतेय ते बघून अंदाज बांधायचा. किलोभराच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम ८०-९० मिली. थोडं थोडं म्हणत आपणच ते काढत राहतो आणि मग रक्त चढवायची वेळ येते, हे बघवत नाही.

तर प्रश्न असे. मेनस्ट्रीम (नळीच्या तोंडाशीच मोजणारा) घ्यावा की साइडस्ट्रीम (थोडी हवा बाजूला ओढून मोजणारा)? श्वासातला आकडा रक्तातल्या आकड्याशी जुळत नाही म्हणतात, मग उपयोग काय? आणि ८००-९०० ग्रॅमच्या बाळाला लावावा का? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा.

नवजातवैद्य
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर युनिटमध्ये सगळ्यांच्या मनात पक्कं नसेल, तर कुठलंही मशीन घेतलं तरी ते महिन्याभरात कोपऱ्यात जातं.

फुप्फुसं धड असतील तर श्वासाच्या शेवटी मिळणारा आकडा धमनीतल्या आकड्यापेक्षा साधारण पाऱ्याच्या २ ते ५ मिमीने कमी असतो. आरडीएसच्या (अपुऱ्या वाढलेल्या फुप्फुसांच्या श्वासविकाराच्या) बाळात हाच फरक १० किंवा त्याहून जास्त होऊ शकतो. काही वायुकोशांत हवा पोचते पण रक्त पोचत नाही, तिथली कार्बन डायऑक्साइड नसलेली हवा निःश्वासात मिसळते. पल्मनरी हायपरटेन्शनमध्ये (फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला असताना) हे फारच दिसतं. त्यात नळीला बाजूची फट बुजवणारा फुगा नसतो, त्यामुळे बाजूने गळती. शिवाय मिनिटाला ६० श्वास म्हटल्यावर निःश्वासाला अर्धा-पाऊण सेकंद मिळतो, आलेखाचं पठार (शेवटचा सपाट भाग) तयार व्हायलाच वेळ नसतो.

म्हणून नुसता आकडा बघू नका, फरक लिहून ठेवा. गॅस काढताना त्याच क्षणी मॉनिटरवर काय होतं ते चार्टवर मांडा. समजा गॅसमध्ये ५२ आणि मॉनिटरवर ४४, म्हणजे फरक ८. पुढे मॉनिटर ४४ च्या आसपास राहिला, आलेखाचा आकार तोच राहिला आणि बाळ स्थिर असलं, तर पुढचा गॅस लांबवता येतो. मॉनिटर ३४ वर आला तर मात्र ठरलेल्या वेळेची वाट न बघता गॅस काढा. तुलना एकाच जातीच्या गॅसशी करा. आज धमनीतला आणि उद्या टाचेचा घेतलात तर फरकाला अर्थ राहत नाही.

माझ्या मते मशीन सगळ्यात जास्त कामाला येतं ते सर्फॅक्टंट (फुप्फुसं उघडी राहायला मदत करणारं औषध) दिल्यानंतरच्या तासाभरात. फुप्फुस मऊ होतं, आणि ज्या दाबाने आधी ४ मिली हवा आत जात होती त्याच दाबाने आता ७ मिली जाते. बाळ गुलाबी, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९३, सगळे समाधानी. आत मात्र कार्बन डायऑक्साइड पन्नाशीवरून तिशीत उतरत असतो. तो उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. पाऱ्याच्या ३५ मिमीखाली बराच वेळ राहिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मेंदूच्या पांढऱ्या भागाला इजा होण्याचा धोका वाढतो. उलट फार चढला की रक्तस्रावाची भीती, आणि खालीवर होत राहणंही तितकंच वाईट. सॅच्युरेशन यातलं काहीच सांगत नाही.

एक लक्षात असू द्या: सर्फॅक्टंटनंतर फुप्फुस सुधारतं तसा तो ८ चा फरकही कमी होतो. जुना फरक पुढे ओढू नका, एक ताजा गॅस घेऊन नव्याने मांडा.

यंत्रविद
मी बायोमेडिकलवाला. मशीनच्या बाजूने हिशोब मांडतो.

किलोभराचं बाळ मिनिटाला २५०-३०० मिली हवा आत-बाहेर करतं. मोठ्यांचं साइडस्ट्रीम मशीन मिनिटाला १५०-२०० मिली सॅम्पल ओढतं. इतकी हवा बाळाच्या निःश्वासातून मिळणार कुठून? सर्किटमधली (व्हेंटिलेटरच्या नळ्यांतली) ताजी हवा त्यात ओढली जाते आणि आकडा खोटा कमी येतो. साइडस्ट्रीम घ्यायचंच असेल तर मिनिटाला ५० मिलीवर चालणारंच घ्या. तरी बारीक नळीत ओलावा साचून ती तुंबते, हे धरून चाला.

मेनस्ट्रीममध्ये सेन्सर थेट ट्यूबच्या तोंडाशी बसतो, त्यामुळे आकडा लगेच येतो. इथे बघायचं ते अडॅप्टरमधल्या मृत जागेचं, म्हणजे जिथली हवा फुप्फुसात न पोचता नुसती आत-बाहेर होते त्या जागेचं. मोठ्यांच्या अडॅप्टरमध्ये ती ५ मिलीच्या घरात असते, म्हणजे या बाळाचा अख्खा श्वास! नवजातांचा अडॅप्टर १ मिलीपेक्षा कमीचा मिळतो, तोच मागा. व्हेंटिलेटरचा फ्लो सेन्सर आधीच तिथे असतो, त्याचीही जागा यात मिळवा.

डेमो प्रौढांच्या सेटिंगवर पाहू नका. वेग ६०, व्हॉल्यूम ५ मिली असं टेस्ट लंगवर (नकली फुप्फुसावर) लावायला सांगा आणि आलेख किती स्वच्छ येतो ते स्वतः बघा.

निओनर्स
शांतलाताई, यंत्रविद सरांना अनुमोदन, आम्हीही मेनस्ट्रीमच वापरतो. पण वजनाचं आधी ठरवा. २.५ मिमीच्या ट्यूबला फ्लो सेन्सर, अडॅप्टर आणि वर केबल लटकली की ट्यूब वाकते, नाहीतर सरकते. आम्ही मऊ कापडाची छोटी गुंडाळी करून अडॅप्टरखाली देतो आणि केबल वेगळी बांधतो. सेन्सर कोमट असतो, गालाला टेकू देऊ नका.

आलेखाचा आम्हा सिस्टरांना आकड्यापेक्षा जास्त उपयोग होतो. ट्यूब निघाली की रेषा तिथल्या तिथे सपाट होते, सॅच्युरेशन पडेपर्यंत थांबावं लागत नाही. चढ तिरका व्हायला लागला तर स्राव साचतोय का ते बघा. पठार अचानक तुटकं झालं तर गळती.

ट्यूब टाकताना कार्बन डायऑक्साइडने रंग बदलणारा डिटेक्टर जरूर जवळ ठेवा, जांभळ्याचा पिवळा झाला की ट्यूब श्वासनलिकेत. पण हृदय जवळजवळ थांबलेलं असेल तर ट्यूब बरोबर असूनही रंग बदलत नाही. आणि ट्यूबमधून दिलेलं अड्रेनलिन त्यावर उडालं तर ट्यूब कुठेही असली तरी तो पिवळा होऊ शकतो.

दक्षिणवारा
नवजातवैद्य सरांचं बरंचसं पटतं, पण ८००-९०० ग्रॅमच्या बाळाबाबत मी वेगळं सांगेन. गळती ३०-४० टक्क्यांच्या वर गेली की श्वासातल्या आकड्याला मी किंमत देत नाही. एचएफओवर (अतिवेगाने बारीक श्वास देणाऱ्या व्हेंटिलेशनवर) तर आलेखच मिळत नाही. अशा बाळांना मी त्वचेवरून मोजणारा ट्रान्सक्युटेनियस मॉनिटर लावते. तो रक्ताच्या आकड्याच्या जास्त जवळ असतो. त्याची किंमत मात्र त्वचा मोजते: इलेक्ट्रोड ४० ते ४४ अंशांपर्यंत तापतो, २४-२५ आठवड्यांच्या बाळाला लाल डाग पडायला वेळ लागत नाही. तापमान शक्य तितकं कमी ठेवा, दर दोन-तीन तासांनी जागा बदला, प्रत्येक वेळी कॅलिब्रेशन करा. बाळ शॉकमध्ये असेल तर त्याचाही भरवसा नको. आणि ट्यूब निघाल्याचं तो उशिरा सांगतो.

नवजातवैद्य
दक्षिणवारा, एचएफओबद्दल पूर्ण सहमत. लहान बाळांत मी दोन्हीची कामं वाटून देतो, ट्यूबवर लक्ष कॅप्नोग्राफचं आणि पातळीवर लक्ष ट्रान्सक्युटेनियसचं. पूर्ण दिवसांच्या, जन्मताना गुदमरलेल्या बाळाला कूलिंगवर (मुद्दाम अंग थंड ठेवण्याच्या उपचारावर) ठेवलं असेल तर मात्र कॅप्नोग्राफ बहुधा पुरतो. फुप्फुस चांगलं असतं, थंडाव्याने कार्बन डायऑक्साइड तयारच कमी होतो, आणि व्हेंटिलेटर कमी करायला उशीर झाला की पातळी फार खाली जाते.

एक आई
मध्येच लिहितेय, माफ करा. माझं बाळ व्हेंटिलेटरवर आहे. तो आकडा ४१ चा ४६ झाला तरी जीव वरखाली होतो. मी घाबरावं का?

निओनर्स
ताई, माफी कशाला. बाळाने हालचाल केली, सक्शन (नळीतला स्राव ओढून काढणं) झालं, कूस बदलली तरी तो एवढा हलतो. आम्ही आकडा कुठल्या बाजूला सरकतोय आणि किती वेळ, ते बघतो. तुमच्या सिस्टरना विचारा, "आमच्या बाळासाठी किती ते किती चालेल?" त्या नक्की सांगतील. बाळाला हात लावायची परवानगी असेल तर मॉनिटरकडे पाठ करून बसा थोडा वेळ.

शांतला
सगळ्यांचे मनापासून आभार. मेनस्ट्रीम आणि कमी मृत जागेचा अडॅप्टर मागते, एचएफओच्या बाळांसाठी ट्रान्सक्युटेनियसचा विषय वेगळा काढते. शेवटचं एक: अलार्म कितीवर लावायचा?

नवजातवैद्य
मॉनिटरच्या आकड्यावर, गॅसच्या नाही. फरक ८ आहे आणि रक्तातला ४० च्या खाली नको असेल तर खालचा अलार्म ३२. वरचा ६० नको असेल तर ५२. प्रत्येक गॅसनंतर फरक बदलला की दोन्ही मर्यादा बदला, आणि पाळी बदलताना फरक व मर्यादा दोन्ही तोंडी सांगा. श्वास न सापडल्याचा अलार्म कधीच बंद ठेवू नका, सक्शनपुरताच थांबवा.