घरात मांजरं किती? आकडा राहू द्या, अनुभव सांगा

वाळ्याचा पडदा (परभणी)
गच्चीवरचा कूलर दिवाळीपासून झाकून ठेवलेला. परवा ऊन सहन होईना म्हणून काढायला गेलो, बाजूची जाळी उघडली तर आतल्या गवतात तीन पिल्लं. आई माझ्यावर अशी फिस्कारली की कूलर तिच्या माहेराहून आलाय. आता बायकोचं फर्मान आहे, पिल्लं स्वतः हिंडायला लागेपर्यंत कूलर लावायचा नाही. परभणीत. मार्चमध्ये. घ्या!

आजी आठवली एकदम. जिंतूरकडं आमचं माळदाचं घर होतं, धान्याच्या बळदामागच्या अंधारात मांजर व्यायची. आजी आम्हा लेकरांना तिकडं फिरकू द्यायची नाही. माणसाचा वावर दिसला की ती सात घरं फिरवती पिल्लं, म्हणायची. आणलेलं एकही नव्हतं, सगळी आपापली आली आणि राहिली. आमच्याकडं आताही तसंच चाललंय. पाच कायमची, दोन फक्त जेवायला. सगळी रस्त्यावरची. तुमच्याकडचं सांगा.

भाकरतुकडा
सात घरं खरंय दादा. आमच्यावालीनं सातवं घर म्हणून माझं कपाट धरलं. लग्नातली पैठणी, तिच्यावर बाळंतपण. बाकीचं नंतर लिहिते, कुकर झाला.

कापूसकोंडा (वडवणी)
भाव यायची वाट बघत कापूस घरातच हाय. पुढची खोली आढ्यापर्यंत भरली. माणसाला त्या कापसात खाज सुटती, मांजरांना कायबी होत न्हाई, चारीच्या चारी तिथंच लोळायल्यात. व्यापारी बघायला आला. ढिगात खोल हात घातला आन बोटं रक्तबंबाळ करून बाहेर काढला. आत एक बाळंतीण होती. तरी गडी म्हणतो कसा, ओलावा जास्त हाय, भाव कमी करा. म्हणलं तो मांजरीचा आसंल.

भाकरतुकडा
😂😂 मेले

उदगीरकर
हसू आलंच, पण व्यापाऱ्यानं रेबीजची लस घेतली का? मांजर चावलं किंवा रक्त येईस्तोवर ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि सरळ दवाखाना. हळद-चुना लावत बसायचं नाही.

कापूसकोंडा (वडवणी)
घेतली की वो. गाडीवर मीच नेलं. पेट्रोल मव्हं, वर चहाबी मव्हाच.

मिरजेची माय (लातूर)
२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते आठवतंय ना? मिरजेहून. त्याच दिवसांत आमच्या ड्रमच्या मागं एक पिल्लू सापडलं, डोळ्यांत चिपडं, अंगात हाडंच. घरात माणसांना पाणी मोजून, आणि सासूबाई त्यातलं वाटीभर रोज तिच्यासाठी बाजूला ठेवायच्या. मिस्टरांनी नाव ठेवलं मिरज. आता म्हातारी झालीय, दात पडलेत, तरी वाटीतलं पाणी पीत नाही. नळ सोडला की धारेखाली तोंड. लातूरचा नळ कधी येतो हे आमच्याआधी तिला कळतं. तिच्यामागून घरात अजून सहा आली, पण दादागिरी हिचीच.

वाळ्याचा पडदा (परभणी)
मिरज! नाव ठेवणाऱ्याला नमस्कार सांगा.

नवीन सभासद
नमस्कार. पिल्लू दोन महिन्यांचं असेल. सकाळपासून गरम लागतंय अंग, खात नाही. लेकराच्या तापाच्या औषधाचे दोन थेंब देऊ का?

उदगीरकर
नको!!! पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, थोडंसुद्धा. मांजराचं अंग तसंही आपल्यापेक्षा गरमच, ३८ ते ३९ अंश हे तिचं नेहमीचं. पण खात नाही हे वाईट. उलटी-जुलाब आहेत का? लस झालीय का? पॅनल्यूकोपेनिया (मांजरांचा विषाणूचा आजार) असेल तर एवढं पिल्लू एक-दोन दिवसांत जातं. आत्ताच न्या. बाकीच्या मांजरांपासून वेगळं ठेवा, भांडी पण वेगळी.

नवीन सभासद
उलटी झालीय एकदा. निघते.

बाभूळबन
इथला दवाखाना म्हशीचा हो. मी बोका घेऊन गेलो तर तिथला माणूस म्हणतो, दूध किती देती?

उदगीरकर
😀 परभणीला आणि आमच्या उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जमलं तर तिकडं न्यायचं. आणि दुकानातून कुत्र्याच्या गोचिडाचे थेंब आणून मांजरीला लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असलं तर मांजर तडफडून मरते.

जुन्या गावचा (औसा)
भूकंपाच्या वेळी मी सातवीत. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाहून येऊन लोक झोपलेले. घर गेलं. आजोबा गेले. आम्ही पत्र्याच्या शेडात, पुढं नवीन गावात सरकारी घर मिळालं. मांजर दोनदा टोपलीत घालून नेली, दोन्ही वेळा परत जुन्या गावात. शेवटी वडीलच रोज संध्याकाळी सायकलवर भाकरी घेऊन तिकडं जायचे. आई चिडायची, माणसाला पुरंना आन मांजरीला कुठली भाकर. आता वाटतं, वडिलांना तिकडं जायला कारण पाहिजे होतं.

मिरजेची माय (लातूर)
🙏 काय बोलावं दादा.

किराडपुऱ्याची सून (संभाजीनगर)
आमची एक मांजर अर्धी आमची, अर्धी शेजारच्या चाचींची. इकडं सोनी, तिकडं बिल्लो. शुक्रवारी चाचींकडं खिमा असतो, त्या दिवशी आम्ही तिला ओळखीचे नाही. आषाढी एकादशीला आमच्याकडं भगर बघून तिनं माझ्याकडं जी नजर टाकली, ती माझ्या सासूचीसुद्धा नाही. ऑपरेशनचा खर्च मात्र दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा केला. टाके असताना कुणाच्या घरी राहील यावरून भांडण, शेवटी मधल्या जिन्यात गादी.

ऑपरेशन करून घ्या गं बायांनो. चार-पाच महिन्यांची पोर पोटुशी राहते, नऊ आठवड्यांत व्यायते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा.

भाकरतुकडा
ताई भगर 😂 आले परत. आमचे आबा (सासरे) मांजरांच्या विरोधात. म्हणजे तोंडानं. रोज दिवे लागले की ओसरीवर बसून गुरं मोजल्यासारखी मोजतात. एक कमी भरलं तर बॅटरी घेऊन गल्लीत. सातबाऱ्यावर चढवायचं तेवढं राहिलंय. दूध पण तेच घालतात, मी सांगते पचत नाही त्यांना.

बाभूळबन
कामून पचत न्हाई? आमच्या सात पिढ्यांनी मांजराला दूध-भाकर घातली.

उदगीरकर
मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणींना दुधातली साखर पचत नाही, पातळ होतं. आणि भाकरीवर राहिलेली तुमची मांजर उरलेलं पोट उंदरांवर भरत होती. मांजराला मांस लागतंच. घरात करत नसाल तर तयार खाद्य घाला.

बाभूळबन
उंदरावरून आठवलं. आमची ढवळी गेल्या हंगामात गेली. शेजारी सोयाबीनच्या पोत्यांना घूस लागली म्हणून त्यांनी औषध टाकलं. मेलेली घूस हिनं खाल्ली असावी. तोंडातून रक्त. शेजाऱ्याशी बोलत न्हाई मी अजून. त्याचंबी चूक म्हणावं का, पोती तर त्याची जायलीच होती.

किराडपुऱ्याची सून (संभाजीनगर)
अरेरे. वाईट वाटलं दादा.

कापूसकोंडा (वडवणी)
ज्वारीच्या कोठीत गोळ्या टाकतेत तेबी बघा. त्याचा वायू होतो. मांजर काय, त्या खोलीत माणूसबी झोपू नये.

नवीन सभासद
दवाखान्यात सलाईन लावलंय. डॉक्टर म्हणाले उद्यापर्यंत बघू. सगळ्यांचे आभार, विशेषतः उदगीरकर दादांचे.

उदगीरकर
कळवत राहा. घरातल्या बाकीच्यांना लस द्यायचं डॉक्टरांना विचाराच. ते विषाणू घरात कित्येक महिने टिकतात.

घाटनांदूर
कुणाला काळं पिल्लू पाहिजे का? खाऊन-पिऊन ठणठणीत. लोक काळी म्हणून घेईनात.

भाकरतुकडा
अमावस्येची आहे का? आबा विचारायलेत. म्हणजे घ्यायचं ठरलंय त्यांचं.

घाटनांदूर
तारीख कोण बघायलंय ताई, नालीतून काढली. शनिवारी अंबाजोगाईच्या स्टँडवर आणतो.

भाकरतुकडा
चालेल. खोक्याला भोकं पाडून आणा, मागं एकानं पिशवीत आणली होती, कंडक्टरनं उतरवलं.