प्रतिसाद: गाडीत अडकलेल्याला बाहेर काढताना

वर एका दादांनी लिहिलंय की अपघातग्रस्त गाडीचा पत्रा कापल्याशिवाय अडकलेल्याला जागचं हलवूच नये. सरसकट तसं नाही. ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांच्या शरीराला सेन्सर लावून मोजमाप झालं, त्यात माणूस स्वतःहून उतरला तेव्हा मान सगळ्यात कमी हलली. छत कापून काढलं तेव्हा उलट जास्त. त्यामुळे शुद्धीवर असेल, पाय मोकळे असतील, एका पायावर तरी उभा राहू शकत असेल, तर आधी त्यालाच विचारायचं: उतरता येईल का? पाय डॅशबोर्डखाली चेपलेत किंवा माणूस बेशुद्ध आहे, तिथे पत्रा कापायचा कटर लागू शकतो.

आपल्याकडे मात्र कसारा घाट काय, नाशिकचा द्वारका चौक काय, चार जण काखेत हात घालून ओढायला लागतात. भावना चांगली, पण गाडी पेटलेली नसेल तर थांबा. चावी बंद करा, १०८ ला फोन लावा.

विल्होळीजवळ एकदा पाहिलं. कटरचा कर्णकर्कश आवाज, काचेचा चुरा, आणि आत अडकलेली बाई सारखी विचारत होती, "माझा मुलगा कुठंय?" कुणी उत्तरच देईना. शेवटी बचाव पथकातला एक जवान खिडकीशी वाकून म्हणाला, "ताई, तो बाहेर आहे, बोलतोय. आता मोठा आवाज होईल, डोळे मिटा." तिथून पुढे ती शांत झाली. पथकातल्या एकाने फक्त बोलत राहायचं, हे काम नेमूनच द्यायला हवं. आणि मोबाइलवर शूटिंग करणाऱ्यांना पोलिसांनी आधी हाकलावं.